मी काढलेलं घंगाळ

आमच्या घराण्यातल्या दोन जावा नऊ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि त्याला कारण मी काढलेलं एक घंगाळ होतं. काढलं म्हणजे चित्रात काढलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या देऊळघाट गावात अजूनही काही लोक ‘सुमनबाईनं घंगाळ काढलं’ एवढंच सांगतात आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडून देतात.

मी परिचारिका होते. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं दिली, बाळंतपणं केली आणि निवृत्त होऊन घरी बसले. घरी बसल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत मी गल्लीतल्या झाडून सगळ्यांचं ब्लडप्रेशर तपासून टाकलं. त्यानंतर लोक मला लांबून पाहून दारं लावून घेऊ लागले. (काहींचं ब्लडप्रेशर मला पाहूनच वाढतं, असं आमचे हे म्हणतात.) तेव्हा कुणाला त्रास होणार नाही असा एखादा छंद हवा, म्हणून मी चित्रं काढायचं ठरवलं. पुढे काय झालं ते पाहता ब्लडप्रेशर परवडलं असतं!

मोबाइलवर एक दाढीवाले सर चित्रकला शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की चित्राला विषय शोधत हिंडू नये. निसर्ग पाहावा, रोजचं जगणं पाहावं, प्रेरणा आपोआप मिळते. मी आधी निसर्गाकडे गेले. आमचं वावर गावाबाहेर आहे. तिथे बांधावर बसून बाभळीचं झाड काढायला घेतलं. बाभूळ हे झाड चित्रकाराच्या सोयीसाठी केलेलं नाही. अर्ध्या फांद्या होईतो संध्याकाळ झाली, आणि पाणी प्यायला उठले तेवढ्यात एका बकरीनं वहीच्या पानासकट ती बाभूळ खाऊन टाकली. खऱ्या बाभळीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. (ही माझ्या चित्राची पहिली स्तुती, असं मी धरून चालले.)

मग म्हैस काढली. ती आमच्या ह्यांना दाखवली. ह्यांचं नाव मधुकर. हे वांगी, मेथी, मिरची असा भाजीपाला करतात आणि दिवसातून साधारण अकरा वाक्यं बोलतात. त्यातली दोन त्यांनी माझ्यावर खर्च केली.

“म्हैस अशी नसते.”

“मग कशी असते?”

“इतकी इचारात पडलेली नसते.”

निसर्ग जमत नाही म्हटल्यावर मी रोजच्या जगण्याकडे वळले. हे जेवायला बसले की मी समोर वही घेऊन बसायची.

“हलू नका. घास तसाच धरून ठेवा.”

“भाकर थंडी होऊन राह्यली.”

“दोनच मिनिटं.”

“काऊन व, उपाशी मारतं काय मले?”

हेही जमलं नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं की ज्या गोष्टी हलत नाहीत, खात नाहीत आणि बोलत नाहीत त्याच काढाव्यात. मग मी चपला काढल्या, खराटा काढला, सुपातल्या वाळत्या मिरच्या काढल्या. मिरच्या तर इतक्या बऱ्या आल्या की त्या मलासुद्धा ओळखू आल्या. प्रत्येक चित्राखाली मी तारीख, वेळ, ‘प्रत्यक्ष पाहून काढले’ असा शेरा आणि सही टाकायची. दवाखान्यातली सवय! तिथे ताप लिहिला आणि वेळ लिहिली नाही, तर डॉक्टरसाहेब आपलाच ताप वाढवायचे.

आता आमची घरं कशी आहेत ते सांगते. मधे आमचं. डाव्या हाताला ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, आणि त्यांची बायको वत्सलाबाई. त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. उजव्या हाताला ह्यांचा चुलतभाऊ रमेश आणि त्याची बायको निर्मला. आमच्या गच्चीवरून निर्मलाचं अंगण पूर्ण दिसतं.

जूनमधल्या एका सकाळी मी गच्चीवर सतरंजी टाकून ते अंगण काढलं. सीताफळाचं झाड, त्याखाली चूल, दोरीवर दोन पातळं आणि तीन कोंबड्या. (कोंबड्या हलतात, म्हणून त्या पाठमोऱ्या काढल्या.) सगळं जागेवर बसलं, फक्त डावा कोपरा रिकामा राहिला. तिथे काहीतरी पाहिजे होतं. गोल, जडसं, आणि ऊन पडलं की चमकणारं. क्षणभर डोळे मिटले आणि तिथे एक पितळेचं घंगाळ काढून टाकलं. काय सांगू! जन्मात पहिल्यांदा माझ्या हातून एखादी गोल वस्तू गोल आली. उत्साहात मी एका बाजूला पोचा दाखवला, एक कडी जराशी वाकडी केली, त्याची सावली पाडली. खाली तारीख घातली. वेळ, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. प्रत्यक्ष पाहून काढले. सही.

मग त्याचा फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शीर्षक, ‘निर्मलाच्या अंगणातली सकाळ’. अर्ध्या तासात चौदा अंगठे आले. पुण्याच्या पुतण्यानं ‘नाईस काकू’ लिहिलं. त्यात आणखी भर म्हणजे, बुलढाण्याला बायकांच्या चित्रांचं एक छोटं प्रदर्शन भरणार होतं, त्यांनाही मी फोटो पाठवला होता. त्यांची अट होती की चित्र प्रत्यक्ष पाहून काढलेलंच हवं. दुपारी त्यांचा निरोप आला, चित्र घेतलं! त्या दिवशी मी वरणात मीठ दोनदा घातलं आणि ह्यांनी ते न बोलता खाल्लं.

चारच्या सुमाराला मोठ्या बाई मोबाइल घेऊन आल्या. मोठ्या बाई बीबी गावच्या. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी राग आला की त्या माहेरचं बोलतात. आमचं ‘काऊन’, म्हणजे ‘का’, त्यांच्या तोंडी ‘कामून’ होतं. त्यांच्या घरातून ‘कामून’ ऐकू आलं की आम्ही आमच्या घरातला रेडिओ बंद करतो.

त्यांनी दोन बोटांनी चित्र ताणून मोठं केलं आणि माझ्यासमोर धरलं.

“सुमन, हे काय आहे?”

“घंगाळ.”

“ते मला पण दिसतंय. कोणाचं आहे?”

मला वाटलं, बाई कौतुक करायला आल्यात. मी लाडात येऊन म्हटलं, “ओळखा!”

बत्तीस वर्षांत मी एकही चुकीचं इंजेक्शन दिलं नाही. पण हा एक शब्द बरोबर चुकीच्या जागी टोचला गेला.

“ओळखलं,” मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. “हा पोचा माझ्या बापाच्या हातून पडलं तेव्हाचा. अन ही कडी माझ्या लग्नात वाकली.”

“अगदी हुबेहूब आलंय ना?”

“कामून नाही येणार? समोर ठेवल्यालं असंल तर येणारच!”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठ्या बाईंचं माहेरचं घंगाळ दोन महिन्यांपासून सापडत नव्हतं. त्यासाठी कल्हईवाल्यापासून थोरल्या जावयापर्यंत सगळ्यांवर त्यांचा संशय घेऊन झाला होता. हे मला माहीत होतं. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण चित्र काढताना माझ्या डोक्यात फक्त गोलाई होती! तीस वर्षं त्यांच्या मोरीत पाहिलेलं भांडं मी आठवणीतून उचललं आणि निर्मलाच्या अंगणात नेऊन ठेवलं.

मी तोंड उघडेपर्यंत मोठ्या बाई निर्मलाच्या दारात पोचल्या होत्या. भिंतीपलीकडून पहिलं ‘कामून’ ऐकू आलं.

“घंगाळ? माह्या घरी?” निर्मलाचा आवाज. “माह्याकडे दोन बकेटा हायेत, मोठ्या बाई. एक निळी अन एक फुटकी. कोनती पाह्यजे?”

“मग हे काय आहे? सात वाजून दहा मिनिटांनी तुझ्या अंगणात होतं. सही आहे सिस्टरची!”

त्याच क्षणी जाऊन मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. प्रामाणिकपणे कबूल करते, मला प्रदर्शन दिसत होतं. ‘प्रत्यक्ष पाहून’ ही त्यांची अट. घंगाळ मनातलं आहे असं म्हटलं की चित्र बाद. उद्या दोघी गप्प होतील, असा विचार करून मी भांडी घासत बसले. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर निर्मला सीताफळाखाली एकटी बसली होती. एरवी मान वर करून ‘ताई, चहा झाला काय?’ म्हणणारी बाई, त्या दिवशी तिनं पदर तोंडावर ओढला. ज्या बाईच्या दोन्ही मुली माझ्या हातावर जन्मल्या, तिला मी एका कोपऱ्याच्या शोभेसाठी चोर केलं होतं.

सकाळी उठून मी सगळ्यांना आमच्या ओसरीवर बोलावलं. हे पहाटेच वावरात गेले होते, ते सोडून सगळे आले. दादा मधोमध खुर्चीवर. दादांनी जन्मभर कचेरीत काम केलंय. चौकशी म्हटली की त्यांना तरतरी येते. त्यांनी चष्मा पुसला.

“बोला, सुमनबाई.”

“दादा, मी ते घंगाळ पाहिलंच नव्हतं. मनानं काढलं.”

“मंग खाली सही कोनाची?”

“माझी.”

“‘प्रत्यक्ष पाहून’ कोनं लिहिलं?”

“मीच.”

“वेळ बी टाकली. सात-दहा. मनाचं घड्याळ बरंच बरोबर हाय म्हना तुमच्या!”

मोठ्या बाई म्हणाल्या, “मनातून भांडं येतं, हे एक वेळ मानलं. मनातून पोचा येतो का? वाकडी कडी येते का? सुमन, तू निर्मलाला वाचवायला बघतीस.”

“अन मले कायले वाचवतील त्या?” निर्मला उसळली. “ताई, म्हन्जे मनानं तुम्ही मले चोर केलं? अख्खं गाव सोडून तुमचं मन माह्याच कोपऱ्यात काऊन आलं?”

खोटं होतं तेव्हा सगळ्यांचा विश्वास होता. खरं सांगितलं आणि दोन्ही बाजूंनी पडले! दादांनी ‘पुढील चौकशी चालू’ असं जाहीर केलं आणि चहा मागितला.

पुढचे दिवस वाईट गेले. मोठ्या बाई आणि निर्मला नळावर आल्या की एकमेकींच्या हंड्याशी बोलायच्या. (“काही हंडे आधी लागतात अन काही बायका आधी भरतात!”) रविवारी बुद्धविहारात दोघी दोन भिंतींना बसल्या आणि मी मधे, एकटी. दादा रोज सकाळी कंबरेवर हात ठेवून निर्मलाच्या कुंपणाबाहेरून उभी-आडवी नजर टाकायचे. बुलढाण्याच्या प्रदर्शनवाल्या बाईंना मी फोन करून सांगितलं की चित्रातली एक वस्तू मनातली आहे. त्या म्हणाल्या, कोणती? मी म्हटलं, मला सोडून बाकी सगळ्यांना खरी वाटते ती. चित्र बाद झालं.

नवव्या दिवशी निर्मलानं दोन्ही दारं सताड उघडली आणि अंगणात उभी राहून ओरडली, “या! समदे या! घर पाहून घ्या. माळा पाहा, कोठी पाहा, पिठाच्या डब्यात हात घाला. अन नाही सापडलं तर मंग मी तुमचे घरं पाहीन!”

गेलो. न जाऊन काय करता? घंगाळ सापडलं नाही. सापडली ती माझी पुरणाची चाळण, दादांचा पान्हा आणि मोठ्या बाईंची एक उशी. ही उशी त्यांनीच निर्मलाला बाळंतपणात दिली होती, हे त्यांना तिथेच आठवलं. मग वरात मोठ्या बाईंच्या घरी. तिथे निर्मलाची शिडी निघाली. माझ्या दोन वाट्या निघाल्या. एक छत्री निघाली, जी कुणाचीच नव्हती. दादा कागदावर सगळं लिहून घेत होते. तीन घरांत मिळून कुणाची वस्तू कुणाकडे नाही असं काही उरलंच नव्हतं, आणि नेमकं घंगाळ मात्र नव्हतं.

“आता ताईचं,” निर्मला म्हणाली.

“खुशाल पाहा,” मी म्हणाले. ताठ मानेनं म्हणाले.

रमेश गच्चीवर गेला. मग त्यानं वरून हाक मारली.

“वहिनी, वर या. येताना ते चित्र बी आना.”

आम्ही सगळे जिना चढलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मी रोज सतरंजी टाकून बसते तिथून दोन हातांवर, गोणपाट गुंडाळलेलं एक काहीतरी होतं. त्यात माती, आणि मातीत मिरचीची हिरवीगार रोपं. गोणपाट एका बाजूनं घसरलं होतं. तिथून पितळ चमकत होतं. पोचा. वाकडी कडी. त्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनीही ते तिथेच होतं, माझ्या डाव्या गुडघ्याशी!

रमेशनं चित्र त्याच्या शेजारी धरलं. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “सावली पन बराबर हाय.”

कुणीतरी ह्यांना वावरातून बोलावून आणलं. हे गच्चीवर आले, गर्दी पाहिली आणि आधी रोपांकडे धावले.

“पानी जास्त नका टाकू कोनी!”

“हे काय आहे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“मिरचीचं रोप.”

“रोप कशात आहे?”

“मातीत.”

“अन माती कशात आहे?”

ह्यांनी वाकून पाहिलं. जणू आजवर तो प्रश्नच त्यांना पडला नव्हता. “भांड्यात. खाली कोंबड्या रोप उकरत होत्या, म्हनून वर ठेवलं. दादानंच तर देलं.”

सगळ्यांच्या माना दादांकडे वळल्या. दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हाव बे,” ते म्हणाले. “म्याच देलं होतं.”

“अन नऊ दिवस चौकशी कामून केली?” हे ‘कामून’ मी आजवर ऐकलेल्यांत सगळ्यात मोठं होतं. बसस्टँडपर्यंत गेलं असावं.

“चौकशी घंगाळाची होती,” दादा कागदाची घडी करत म्हणाले. “म्या त्याले रोपासाठी कुंडं देलं होतं.”

आणि आमचे हे? नऊ दिवस घरात एवढं रामायण चाललेलं, ह्यांनी एकदाही विचारलं नाही. “मले कोनी इचारलंच नाही,” एवढंच म्हणाले. त्यांचं त्या दिवसाचं बोलणं तिथे संपलं. माझी मात्र दुहेरी पंचाईत झाली होती. आठ दिवस मी गळा काढून सांगत होते की घंगाळ मी पाहिलं नव्हतं, आणि आता उघड झालं होतं की मी ते सोडून दुसरं काही पाहतच नव्हते!

मोठ्या बाई त्याच पावली निर्मलाजवळ गेल्या. त्यांनी तिचा हात धरला. “माझं चुकलं, पोरी. मी म्हातारी झाले, पण मला अक्कल नाही आली.”

निर्मला रडलीही आणि हसलीही. “तुमचं नाही चुकलं, मोठ्या बाई. ज्याईनं काढलं त्याईचं चुकलं.”

मी म्हटलं, “निर्मला, तू सांगशील ते करते. आणि पहिल्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं, ते नाही सांगितलं. ते प्रदर्शनासाठी. त्याची जास्त लाज वाटते.”

तिनं पदरानं डोळे पुसले. “मंग मले काढा,” ती म्हणाली. “आधी चोर म्हनून काढलं, आता मानूस म्हनून काढा.”

तीन दिवस सकाळी ती हिरवं पातळ नेसून सीताफळाखाली बसली. हलली नाही, बोलली नाही. मी जीव ओतला. नाक चार वेळा खोडलं. कपाळावर जरा जास्त रेघा आल्या, गाल थोडे आत गेले, केस का कोण जाणे पांढरट झाले. तिसऱ्या दिवशी चित्र तिच्या हातात दिलं. तिनं ते सरळ धरलं, मग लांब धरलं. ती तोंड उघडणार, इतक्यात रमेश भाजीची पिशवी घेऊन अंगणात आला. त्यानं चित्र पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

“माय!” तो म्हणाला.

रमेशची आई त्याच्या लग्नाआधीच गेली. तिचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता, याचं त्याला जन्मभराचं दुःख. तो मातीतच बसला आणि चित्रावरून बोट फिरवायला लागला.

“वहिनी, तुम्ही तर मायले कधी बारकाईनं पाह्यलं बी नव्हतं. कसं जमलं तुम्हाले? हे कपाळ... हे गाल...”

मी निर्मलाकडे पाहिलं. निर्मलानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, “राहू द्या, ताई. सासू पाह्याची राह्यलीच होती मले. आज पाह्यली.”

चित्राला चौकट झाली. बैठकीत तसबिरींच्या ओळीत ते लागलं. दादांनी पाहून ‘हुबेहूब काकू!’ असा शेरा दिला. मोठ्या बाईंनी त्याला फुलं वाहिली आणि वाहता वाहता निर्मलाला म्हणाल्या, “तुझ्यात पण थोडं थोडं सासूचं आलंय गं.”

आता लांबून लांबून लोक माझ्याकडे येतात. परवा वरवट बकालचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या आजोबांचा फोटो नाही. मिशा होत्या, एवढंच त्यांना आठवतं. मी मिशा काढल्या आणि मागे जमेल तसं एक माणूस लावलं. त्यांचे डोळे भरून आले. आजतागायत मला एकही जिवंत माणूस जमलेलं नाही. पण गेलेल्या माणसांत मात्र पंचक्रोशीत माझा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्यापैकी एकानंही अजून तक्रार केलेली नाही.